जुन्या बॅकहोचा बूम आपोआप खाली बसत असेल तर: आतली झिरप शोधण्याची रीत

लोडरचे हात अर्ध्या उंचीवर ठेवून इंजिन बंद करावे आणि चहा घेऊन परत येईपर्यंत बकेट वीतभर खाली आलेली दिसावी, किंवा खोदताना ऑपरेटरने बूम हवेत धरून लिव्हर सोडताच बकेटचे दाते हळूहळू जमिनीकडे सरकू लागावेत, हा अनुभव जुना बॅकहो बाळगणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येतो. पुढे लोडरची बकेट आणि मागे खोदणारा हात, म्हणजे बूम, असलेल्या या यंत्राला आपल्याकडे सरसकट जेसीबी म्हणतात. भारतात ही यंत्रे १९७९ पासून हरयाणातील बल्लभगड येथे बनू लागली, आणि त्यांतली कित्येक जुनी यंत्रे दोन-तीन मालकांच्या हातांतून जाऊन आजही विहिरींच्या, शेततळ्यांच्या आणि नालाखोलीकरणाच्या कामांवर राबत आहेत. अशा यंत्राचा बूम बसू लागला, बाहेर कुठेही तेलाचा थेंब दिसत नसला आणि खोदण्याची ताकदही ठीक असली, तर बहुतेक ठिकाणी एकच निदान ऐकू येते, ते म्हणजे सिलिंडरचे सील, म्हणजे पिस्टनभोवतीचे तेल अडवणारे कडे, गेले. मग सिलिंडर उतरतो, सील किट बदलली जाते, दोन दिवसांचे काम बुडते आणि पुष्कळदा बूम पूर्वीसारखाच बसत राहतो.

माझ्या देखरेखीखाली असलेल्या एका जुन्या यंत्रावर लोडरच्या दोन्ही सिलिंडरांची किट एकाच हंगामात दोनदा बदलली गेली होती. तिसऱ्यांदा सिलिंडर उतरवण्यापूर्वी आम्ही या लेखात दिलेल्या क्रमाने तपासणी केली, तेव्हा कंट्रोल व्हॉल्व्हवरच्या (लिव्हरनुसार तेलाची वाट उघडणारा-मिटवणारा व्हॉल्व्ह) एका पोर्ट रिलीफ व्हॉल्व्हच्या (दाब फार वाढला तर तेल टाकीकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बैठकीत अडकलेला धातूचा एक बारीक कण सापडला. तो बहुधा काही आठवड्यांपूर्वी बसवलेल्या, पण आतून नीट न धुतलेल्या नव्या होजपाइपातून आला असावा. कण निघाला, बैठक पुसून घेतली आणि हात जागच्या जागी थांबू लागले. सील किटचे पैसे गेले याहून, दोन वेळा उघडलेल्या सिलिंडरात वर्कशॉपची धूळ गेली याचे मला अधिक वाईट वाटले. म्हणून हत्यारे काढण्यापूर्वी तेल नेमके कोणत्या वाटेने निसटते आहे हे शोधणे, हाच या कामाचा मुख्य भाग आहे असे मी मानतो.

तेलाला वाट मिळाल्याशिवाय भार खाली येत नाही

लिव्हर मधल्या जागेवर असते तेव्हा सिलिंडरच्या दोन्ही बाजू कंट्रोल व्हॉल्व्हमधल्या स्पूलने, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या धातूच्या दांडीने, बंद केलेल्या असतात. पिस्टनच्या ज्या बाजूला रॉड नसतो तिला आपण तळबाजू म्हणू, आणि जिथून रॉड बाहेर येतो तिला रॉडबाजू. समजा सिलिंडरचा आतला व्यास १०० मिलिमीटर आणि रॉडचा व्यास ६० मिलिमीटर आहे. तळबाजूचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर होते, रॉडच्या छेदाचे सुमारे २८.३, आणि रॉडबाजूला पिस्टनभोवती उरलेल्या कड्याचे सुमारे ५०. या तीन आकड्यांवर पुढचे बरेचसे निदान अवलंबून आहे.

भार रॉडला आत ढकलत असेल, म्हणजे तळबाजूवर पडत असेल, तर एक गोष्ट घडते जी पुष्कळ अनुभवी कारागिरांनाही पटकन पटत नाही. पिस्टनचे सील पूर्ण निकामी झाले तरी, दोन्ही पोर्ट, म्हणजे तेल जाण्या-येण्याची तोंडे, खरोखर घट्ट बंद असतील तर भार जेमतेम सेंटिमीटरभर बसून थांबतो. याचे कारण असे की तळबाजूचे तेल सीलमधून रॉडबाजूला गेले, तरी रॉड आत येताना स्वतःची जागा मागतो, आणि तेवढे तेल बाहेर पडल्याशिवाय ती जागा त्याला मिळू शकत नाही. मात्र अशा वेळी सगळा भार केवळ रॉडच्या छेदावर तोलला जातो. चार टन भाराला तळबाजूवर सुमारे ५० बार दाब पुरत होता, तर सील गेल्यावर तोच दाब दोन्ही बाजूंना सुमारे १४० बारपर्यंत चढतो. हा चढलेला दाब मग स्पूलच्या फटीतून तेल टाकीकडे रेटू लागतो. थोडक्यात, तळबाजूवर भार असलेल्या सिलिंडरात एकटे सील भार खाली आणू शकत नाही. व्हॉल्व्हकडची झिरप तिथे सोबतीला असावीच लागते.

भार रॉडला बाहेर ओढत असेल तर हिशेब बदलतो. रॉडबाजूचे तेल खराब सीलमधून तळबाजूला जाते. तिथे जागा भरपूर वाढत असते, तेल कमी पडले तर पोकळी तयार होते, आणि रॉड बिनधास्त बाहेर सरकत राहतो. इथे एकटे सीलही पुरेसे ठरते. काही यंत्रांत बूम उचलताना रॉड आत जातो, म्हणजे उचललेल्या बूमचे वजन रॉड बाहेर ओढते. लोडरच्या हातांचे वजन मात्र सहसा रॉडला आत ढकलते. डिपरच्या (बूमच्या टोकाचा, बकेट धरणारा हात) सिलिंडरावरचा भार तर डिपर उभ्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर बाजू बदलतो. म्हणून कोणत्याही निष्कर्षाआधी यंत्राजवळ उभे राहून भार खाली येताना रॉड आत जातो आहे की बाहेर येतो आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि लिहून ठेवावे. हे पाहायला एक मिनिट लागते, आणि पुढच्या अर्ध्या चुका तिथेच टळतात.

हात घालण्यापूर्वी

ही तपासणी उचललेल्या भाराखाली करायची नसते, आणि या बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही. जे यंत्र आपोआप खाली बसते म्हणून आपण ते तपासत आहोत, त्याच्याच हाताखाली डोके घालणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे. लोडरच्या हातांना कंपनीने दिलेला सुरक्षा-टेकू असतो. तो पुष्कळ जुन्या यंत्रांवरून हरवलेला असतो आणि तो पुन्हा मिळवणे ही दुरुस्तीची पहिली पायरी समजावी. पुढे येणारी टोकाची चाचणी सोडली, तर चाचणीसाठी बकेट जमिनीपासून फार तर फूटभर वर घ्यावी आणि तिच्याखाली थोडेसे अंतर सोडून लाकडी स्लीपर रचून ठेवावेत, म्हणजे काही फुटले तरी भार बोटभर खाली येऊन थांबेल.

कोणताही होजपाइप सोडवण्याआधी बकेट आणि बूम जमिनीवर टेकवावेत, इंजिन बंद करावे आणि सगळ्या लिव्हर दोन्ही दिशांना दोन-तीनदा हलवून अडकलेला दाब काढून टाकावा. तेलाच्या टाकीचे झाकणही सावकाश सैल करावे. बारीक फवारा उडत असल्याचा संशय असेल तेथे हात कधीही फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून त्यावर तेल उमटते का ते पाहावे. या दाबाचे तेल सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातूनही कातडीत शिरते. बाहेरून फक्त टोचल्याची खूण दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही, पण आतले मांस मरू लागते आणि वेळ गेल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. असे झाले तर घरगुती उपाय न करता तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि कातडीखाली हायड्रॉलिक तेल गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

किती बसतो ते मोजावे

‘फार बसतो’ आणि ‘थोडा बसतो’ या शब्दांवर दुरुस्ती करता येत नाही. तेल थंड असताना घेतलेले मापही उपयोगाचे नसते, कारण झिरप तेलाच्या दाटपणावर अवलंबून असते. ४६ क्रमांकाच्या हायड्रॉलिक तेलाचा दाटपणा ४० अंश सेल्सियसला ४६ सेंटिस्टोक असतो. ८० अंशांना तो ११-१२ पर्यंत उतरतो, म्हणजे त्याच फटीतून चौपट तेल जाऊ लागते. सकाळी ठीक वाटणारे यंत्र दुपारी बसू लागते त्याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून तासभर काम करून तेल नेहमीच्या तापमानाला आल्यावरच मोजणी करावी.

मोजणी रॉडवर करावी, बकेटच्या दात्यावर नव्हे, कारण रॉडची एक सेंटिमीटरची हालचाल दात्यापाशी कित्येक पटींनी मोठी दिसते. बकेटमध्ये ठरावीक भार घ्यावा, रॉडवर ग्लँडपासून (रॉड जिथून बाहेर येतो ते सिलिंडरचे तोंड) थोड्या अंतरावर कागदी चिकटपट्टी लावावी, ग्लँडपासून पट्टीपर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजावे, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा मोजावे. वरच्या उदाहरणातला रॉड तळबाजूवरच्या भाराने दहा मिनिटांत १० मिलिमीटर आत गेला, तर तळबाजूतून सुमारे ७८ मिलिलिटर तेल निघाले, म्हणजे मिनिटाला जेमतेम दीड चहाचा चमचा. पंप मिनिटाला शंभरच्या आसपास लिटर तेल देत असताना एवढी झिरप कामाच्या ताकदीत जाणवणेच शक्य नाही. त्यामुळे ‘ताकद चांगली आहे, म्हणजे सील चांगले आहे’ हा युक्तिवाद चुकीचा ठरतो. उलट बसण्याबरोबर ताकदही घटली असेल आणि ती त्या एकाच सिलिंडरापुरती असेल, तर झिरप खूप मोठी आहे आणि पिस्टनच्या सीलवरचा संशय वाढतो. ताकद सगळीकडेच घटली असेल तर तो पंपाचा किंवा मुख्य रिलीफ व्हॉल्व्हचा वेगळा प्रश्न आहे; त्याची या प्रश्नाशी सरमिसळ करू नये.

बसण्याची मर्यादा आपल्या यंत्राच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि तीच प्रमाण मानावी. स्पूल आणि त्याचे छिद्र यांच्यामध्ये रबरी सील नसते. धातूवर धातू, मध्ये काही मायक्रॉनची फट आणि तेलाचा पातळ थर, अशी ती रचना आहे. नवे यंत्रही थोडेफार बसतेच. शिवाय तेल तापल्यावर फुगते आणि निवल्यावर आकसते. सिलिंडरात ६० सेंटिमीटर उंचीचे तेल असेल आणि ते रात्रीतून ४० अंशांनी निवले, तर कोणतीही झिरप नसतानाही रॉड दीड सेंटिमीटरच्या वर सरकतो. रात्रभराच्या मापावरून यंत्राला दोष देणाऱ्याने हा हिशेब आधी वजा करावा.

दोष कसा सुरू झाला हेही ऑपरेटरला बसवून विचारावे. महिनोन्महिने हळूहळू वाढलेले बसणे झिजेकडे बोट दाखवते, मग ती सीलची असो वा स्पूलची. कालपर्यंत ठीक असलेला बूम आज अचानक बसू लागला, आणि मधल्या काळात होजपाइप फुटला होता, तेल बदलले होते किंवा एखादा जोड उघडला होता, तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला असण्याची शक्यता मोठी असते. आणखी एक लक्षण विचारून घेण्यासारखे आहे: लिव्हर सोडल्यावर बूम नीट थांबतो, पण उचलण्यासाठी लिव्हर हळूच ओढताच आधी किंचित खाली येतो आणि मग वर जातो का? तसे असेल तर दोष लोड चेक व्हॉल्व्हमध्ये आहे. पंपाचा दाब भाराच्या दाबाइतका होईपर्यंत तेल मागे जाऊ नये, एवढेच त्याचे काम असते. लिव्हर मधोमध असताना तो भार धरत नाही, म्हणून स्थिर अवस्थेतल्या बसण्यासाठी त्याला जबाबदार धरू नये.

हत्यारांशिवाय होणारी तपासणी

बाहेरची गळती आधी पाहावी: रॉडच्या ग्लँडपाशी ओलसर माती, होजपाइपांचे जोड, व्हॉल्व्ह ब्लॉकचा खालचा भाग. त्यानंतर लिव्हरपासून स्पूलपर्यंतचे दांडे आणि पिना पाहाव्यात, आणि येथे थोडा जास्त वेळ द्यावा. जुन्या यंत्रांत या दांड्यांवर चिखल सुकून घट्ट बसतो, पिना गंजतात, एखादा दांडा कधीतरी वाकवून परत सरळ केलेला असतो, आणि लिव्हर मधोमध दिसत असली तरी स्पूल मिलिमीटर-दोन मिलिमीटर एका बाजूला ओढलेला राहतो. तेवढ्याने पोर्टची कड उघडी पडते. अशा वेळी बूम टेकवून, इंजिन बंद करून, त्या स्पूलचा दांडा सोडवावा आणि स्पूल हाताने ढकलून-ओढून पाहावा. तो स्प्रिंगच्या जोरावर दोन्ही बाजूंनी झटकन मध्यावर यायला हवा. रेंगाळत असेल तर स्प्रिंग मोडलेली, स्पूल अडकत असलेला किंवा ब्लॉक बसवतानाचे बोल्ट वेडेवाकडे आवळल्यामुळे ब्लॉकच पिळला गेलेला असू शकतो. दांडा सोडलेल्या अवस्थेत, यंत्राजवळ कोणी नाही याची खात्री करून, पुन्हा मोजणी घ्यावी. बसणे थांबले तर दुरुस्ती दांड्याची लांबी जुळवण्याएवढीच आहे.

सिलिंडर की व्हॉल्व्ह

हे ठरवण्याचा सर्वांत विश्वासाचा मार्ग म्हणजे भार असलेल्या बाजूच्या पोर्टवर, सिलिंडर आणि होजपाइप यांच्यामध्ये, उच्च दाबाचा बॉल व्हॉल्व्ह बसवणे. तो यंत्राच्या रिलीफ दाबाहून बराच अधिक क्षमतेचा, किमान ३५० बारचा असावा. पाण्याच्या किंवा गॅसच्या नळावरचा व्हॉल्व्ह येथे कधीही वापरू नये. लोडरला दोन सिलिंडर समांतर जोडलेले असतात, म्हणून बॉल व्हॉल्व्ह दोघांच्या सामाईक लाइनवर बसवावा किंवा दोन्ही सिलिंडरांना एकेक बसवावा.

भार उचलावा, इंजिन बंद करावे, बॉल व्हॉल्व्ह बंद करावा आणि मोजावे. रॉड बाहेर ओढला जाणाऱ्या सिलिंडरात निकाल सरळ मिळतो: तरीही रॉड सरकत राहिला तर पिस्टन आतून झिरपतो आहे, थांबला तर दोष कंट्रोल व्हॉल्व्हकडे आहे. तळबाजूवर भार असलेल्या सिलिंडरात मात्र वर सांगितलेली मेख आड येते. सील खराब असले तरी रॉडबाजूही स्पूलने जवळजवळ बंदच असल्यामुळे भार फार थोडा बसतो, आणि आपण सिलिंडराला चुकून निर्दोष ठरवतो. लोडरवर यासाठी एक सोपा उपाय आहे. हात उचलण्याच्या लिव्हरला फ्लोटची जागा असते, आणि त्या जागेत सिलिंडरच्या दोन्ही लाइन टाकीला जोडल्या जातात. तळबाजूचा बॉल व्हॉल्व्ह बंद ठेवून, इंजिन बंद असताना लिव्हर फ्लोटमध्ये टाकावी. आता रॉडबाजूच्या तेलाला टाकीत जायला मोकळी वाट आहे. हात खाली येऊ लागले तर पिस्टन झिरपतो आहे याविषयी शंका उरत नाही, आणि हात तसेच राहिले तर सिलिंडराला हात लावण्याचे कारण नाही. चाचणी संपल्यावर लिव्हर आधी मधोमध आणावी, हातांना टेकू द्यावा आणि मगच बॉल व्हॉल्व्ह उघडावा. घाईत फ्लोटमध्येच व्हॉल्व्ह उघडला तर हात धाडकन खाली येतील.

एक इशारा येथेच द्यायला हवा. रॉडबाजूचे तोंड बंद करून तळबाजूला पंपाचा दाब कधीही देऊ नये. क्षेत्रफळांच्या फरकामुळे रॉडबाजूचा दाब पंपाच्या दाबाच्या दीडपटीहून अधिक चढतो आणि ग्लँड किंवा जोड फुटू शकतो.

बॉल व्हॉल्व्ह मिळत नसेल तर टोकाची चाचणी करावी. तळबाजूवर भार असणाऱ्या सिलिंडराचा रॉड पूर्ण बाहेर काढून, सुरक्षा-टेकू लावून, इंजिन बंद करून दाब काढावा. रॉडबाजूचा होजपाइप सिलिंडराकडून सोडवून त्याचे तोंड योग्य प्लगने बंद करावे आणि सिलिंडराचे उघडे पोर्ट एका तुकड्याने डब्याकडे वळवावे. मग इंजिन सुरू करून लिव्हर रॉड बाहेर काढण्याच्याच दिशेने काही सेकंद धरावी. ती चुकूनही उलटी जाऊ देऊ नये. सुरुवातीला उरलेले तेल येईल, ते मोजू नये. त्यानंतरही धार चालू राहिली तर सील गेले आहे. रॉड बाहेर ओढला जाणाऱ्या सिलिंडरासाठी हेच उलट्या टोकाला करावे, म्हणजे रॉड पूर्ण आत घेऊन, तळबाजू उघडी ठेवून. या चाचणीची मर्यादा अशी की ती फक्त टोकाला सील कसे आहे ते सांगते. बॅरलची (सिलिंडरची नळी) झीज आणि ओरखडे मधल्या पट्ट्यात असतात, जिथे रोजचे काम होते, आणि ते इथे सुटून जातात. म्हणून टोकाच्या चाचणीत पास झालेला, पण मधल्या उंचीवर बसणारा सिलिंडर मी बॉल व्हॉल्व्हने पुन्हा तपासतो.

दोष व्हॉल्व्हमध्ये निघाला तर

व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आधी पोर्ट रिलीफ व्हॉल्व्ह पाहावेत, स्पूल शेवटी, कारण रिलीफ व्हॉल्व्ह बाहेरून उघडता येतो आणि स्वस्तात बरा होतो. तो ब्लॉकमधून काढण्याआधी आजूबाजूचा भाग डिझेलने धुऊन, हवा मारून कोरडा करावा. बैठकीवर कण, खड्डा किंवा रेघ आहे का, स्प्रिंग मोडली आहे का, आणि बाहेरच्या अंगावरची ओ-रिंग व तिच्या मागची आधाराची रिंग तुटली आहे का ते पाहावे. तुटलेली ओ-रिंग आतल्या आत तेल टाकीकडे सोडते, बाहेर थेंबही दिसत नाही, आणि म्हणून ती सहज दुर्लक्षली जाते. दाब ठरवणाऱ्या स्क्रूला हात लावू नये. तो घट्ट करून बसणे थांबवण्याचा प्रयत्न मी पाहिला आहे, आणि त्याचा शेवट फुटलेल्या होजपाइपात होतो. त्याच ब्लॉकवर त्याच दाबाचा दुसरा रिलीफ व्हॉल्व्ह असेल तर दोघांची अदलाबदल करून पाहावी: बसण्याचा दोष दुसऱ्या सिलिंडराकडे गेला, की गुन्हेगार हातात आला.

रिलीफ व्हॉल्व्ह निर्दोष निघाले, स्पूल मध्यावर येतो आहे, आणि सिलिंडरही चांगला आहे, तर उरते ती स्पूलची झीज. फटीतून जाणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की झिरप आठपट होते. म्हणून डोळ्यांना जवळजवळ नवा दिसणारा स्पूलही बूम धरू शकत नाही. स्पूलच्या टोकांच्या ओ-रिंग बदलून ही झिरप थांबत नाही, कारण त्या फक्त बाहेरची गळती अडवतात. प्रत्येक स्पूल त्याच्या छिद्राशी घासून जुळवलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या ब्लॉकमधला स्पूल आणून घालण्यातही अर्थ नाही. स्पूलवर हार्ड क्रोम चढवून छिद्राच्या मापाला घासून देणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात, आणि काम चांगले झाले तर ते वर्षानुवर्षे टिकते. अन्यथा तो पूर्ण विभागच बदलावा लागतो. माझे मत असे आहे की बसणे मॅन्युअलच्या मर्यादेच्या जवळपास असेल, लोड चेक व्हॉल्व्ह चांगला असेल आणि यंत्र खोदकामापुरते वापरले जात असेल, तर केवळ स्पूलच्या झिजेसाठी मोठा खर्च करू नये. मात्र ज्या यंत्राने पाइप उचलून माणसांच्या जवळ धरून ठेवले जातात, तिथे ही सूट लागू नाही.

मागचे पाय, म्हणजे स्टॅबिलायझर, हा थोडा वेगळा प्रकार आहे. त्यांच्या सिलिंडरावरच पुष्कळदा लॉक व्हॉल्व्ह असतो, तो भार धरतो आणि दुसऱ्या बाजूला दाब आला तरच उघडतो. पाय बसत असेल तर आधी त्या व्हॉल्व्हची बैठक स्वच्छ करावी. तरीही बसत असेल तर पिस्टनचे सील तपासावे, कारण सीलमधून दुसऱ्या बाजूला गेलेला दाब त्याच लॉक व्हॉल्व्हला उघडण्याचा इशारा देऊ शकतो, आणि मग चांगला व्हॉल्व्हही दोषी वाटतो.

सिलिंडर उघडायचाच झाला तर

चाचणीने सिलिंडर दोषी ठरला असेल तर किट बदलण्याआधी किट का गेली ते पाहावे. बॅरलच्या आत बोटाच्या नखाला लागेल असा उभा ओरखडा असेल, किंवा आतल्या डायल गेजने मधल्या भागात व्यास वाढलेला दिसला, तर नवे सील काही आठवड्यांत जाईल. आधी होनिंग (आतली भिंत घासून गुळगुळीत करणे) करावे किंवा बॅरल बदलावे. रॉड दोन व्ही ब्लॉकवर फिरवून वाकलेला नाही ना ते पाहावे. पिस्टन ज्या ठिकाणी रॉडवर बसतो तिथे आत एक स्थिर ओ-रिंग असते. बाहेरची सगळी सील नवी आणि ही एक ओ-रिंग जुनी राहिली, तर तेल पिस्टनच्या पोटातून, रॉडच्या आट्यांजवळून पलीकडे जाते आणि ‘नवी किट घालूनही बसतो’ अशी तक्रार येते. सील बसवताना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ढकलू नये. कोमट तेलात थोडा वेळ ठेवलेले सील बोथट लाकडी पट्टीने बसते. पिस्टनचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळावा आणि त्याचे लॉकिंग विसरू नये, कारण तो सैल झाला तर सिलिंडर आतूनच मोडतो.

आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने यंत्र उभे राहते, आणि जूनमध्ये चांगला असलेला सिलिंडर ऑक्टोबरात गळू लागतो. उघड्या रॉडच्या क्रोमवर ओलाव्याने बारीक खड्डे पडतात आणि पहिल्या काही तासांतच ते ग्लँडचे सील कापतात. निघालेले गंजाचे कण तेलात मिसळून व्हॉल्व्हपर्यंत जातात. म्हणून यंत्र उभे करताना शक्य तेवढे रॉड आत घ्यावेत, जे बाहेर राहतील त्यांना ग्रीसचा जाड थर द्यावा आणि टाकीचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचे गाळणीचे तोंड) झाकून नव्हे, तर बदलून ठेवावा. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी आहे. ते आधी पूर्ण बदलून, फिल्टर नवा घालून, मगच वरची कोणतीही चाचणी करावी.

दुरुस्ती झाल्यावर सिलिंडर भाराशिवाय सावकाश पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करून हवा काढावी, टाकीतली पातळी पाहावी, तासभर काम करून तेल तापू द्यावे, आणि त्याच भाराने, त्याच उंचीवर, त्याच चिकटपट्टीने दहा मिनिटांचे माप पुन्हा घ्यावे. आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे तारीख आणि तासांच्या मीटरच्या आकड्यासह यंत्राच्या वहीत लिहून ठेवावेत.